वाफेवर चालवायचं, की थंड ठेवून जपायचं? जुन्या इंजिनाला आपले रविवार देण्यापूर्वी

माझा भाचा सप्टेंबरमध्ये पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला निघालाय. मागच्या रविवारी बडोद्याला दांडिया बाजारात आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा ताटावरच विचारलंन, “मामा, तिकडच्या छोट्या रेल्वे वाफेच्या इंजिनावर स्वयंसेवक घेतात म्हणे. तिकडे नाव घालू, की निघेपर्यंत इथे तुमच्याबरोबर जुन्या इंजिनावर येऊ? खरं शिकायला कुठे मिळेल?” मी दोन्हीकडे काम केलंय, तरी एका वाक्यात उत्तर देता येईना. त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो. त्याच्यासारखे आणखीही कुणी विचारात असतील.

मी 31 वर्षं एका रासायनिक कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काढली. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला गेलो, तेव्हा वेल्समधल्या एका छोट्या रेल्वेवर दोन उन्हाळे स्वयंसेवक होतो. बडोद्याला परतल्यावर आम्ही सहाजण मिळून एका खासगी आवारात उभं असलेलं छोटं इंजिन जपतोय. ते चालत नाही आणि आम्ही ते चालवणारही नाही.

दोन्ही कामांना लोक ‘इंजिन रिस्टोअर करणं’ असंच म्हणतात. पण आजारी माणसाची शुश्रूषा आणि ट्रंकेतल्या आजोबांच्या पागोट्याची निगा यांत जेवढा फरक, तेवढा इथेही आहे.

वाफेवरचं काम

वाफेवरचं काम म्हणजे मुख्यतः बॉयलरचं काम. लोकांना चाकं, दांडे, शिट्टी दिसते. वेळ, पैसा आणि काळजी मात्र बॉयलरमध्ये जाते. इंजिनाच्या बॉयलरमध्ये आगीची पेटी एका मोठ्या पेटीच्या आत बसवलेली असते, दोन्हींच्या मधल्या पोकळीत पाणी असतं, आणि या भिंती शेकडो स्टेंनी, म्हणजे आडव्या सळ्यांनी, एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. एक स्टे तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. आगीच्या पेटीच्या छतावर पाणी सतत हवं. ते उतरलं तर छताचा पत्रा तापून मऊ होतो आणि दाबाखाली खाली बसतो. म्हणून छतात वितळणारा प्लग ठेवतात. पाणी गेलं की त्यातलं शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येऊन फायरमनला, म्हणजे आग सांभाळणाऱ्याला, सावध करते. एक लिटर पाण्याची वाफ उघड्यावर सुमारे 1,600 लिटर जागा घेते, हा आकडा ज्याने मनात ठेवला, तो पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासवरून नजर काढत नाही. नव्याने उभ्या केलेल्या बॉयलरची पहिली चाचणी थंड पाण्याने घेतात तीही याचसाठी. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. त्यामुळे कुठे फुटलंच, तर धार लागते, स्फोट होत नाही.

वेल्समध्ये पहिल्या उन्हाळ्यात मला आगीजवळ फारसं जाऊच दिलं नाही. चिमणीखालच्या स्मोकबॉक्समधली राख काढ, आगीचा धूर जातो त्या ट्यूबांतून ब्रश फिरव, तेलाचे डबे भर, पितळ घास. माझ्यासारख्या बॉयलरवाल्यालाही हाच क्रम होता, आणि तो बरोबर होता. तिथे सफाईवाला, मग फायरमन, मग ड्रायव्हर अशी चढण असते. प्रत्येक पायरीला नियमांची परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी असते, आणि सगळं पुरं व्हायला वर्षं लागतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आग पेटवायला मिळाली. आधी लाकूड, मग मूठमूठ कोळसा. घाई केली तर बॉयलरचा वरचा भाग तापतो, खालचा थंड राहतो आणि जोडांवर ताण येतो. छोट्या इंजिनालाही तीन-चार तास द्यावेच लागतात. तिथला सत्तरीचा ड्रायव्हर मला दाबाचा काटा दाखवायचा नाही, कान द्यायला सांगायचा. पाणी उकळू लागण्याआधी बॉयलर जो बारीक आवाज करतो, तो 31 वर्षांच्या नोकरीत मी कधी ऐकला नव्हता. कारखान्यात पंख्यांच्या गोंगाटात तो दबून जातो.

हे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही. हातात येणारं कसब पाहिजे असेल तर वाफ निवडा, हे मी भाच्याला निःसंकोच सांगितलं.

पण त्याची किंमत इंजिन मोजतं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बडोद्यातल्या घरात पातेल्याच्या तळाला जसा पांढरा थर बसतो, तसा बॉयलरच्या आतही बसतो. म्हणून ठराविक दिवसांनी वॉशआउट, म्हणजे बॉयलर आतून धुणं. शिवाय ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, ट्यूबा काढून आतून पाहतात. दर वेळी काहीतरी जुनं जातं आणि नवं येतं. ट्यूबा, स्टे, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगमधला व्हाइट मेटलचा मऊ थर, चाकांचे टायर, शेवटी आगीची पेटीसुद्धा. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवकांच्या हाती आहे, असं काम जगात पहिल्यांदा तिथेच झालं. तिचं 1864 चं पहिलं इंजिन आजही चालतं. पण 1957-58 च्या पुनर्बांधणीत त्याला नवा बॉयलर आणि नवी फ्रेम मिळाली. इंजिन जिवंत आहे, लोखंड मात्र पुष्कळसं विसाव्या शतकातलं. खर्चाचा अंदाज हवा असेल तर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ब्रिटनमधलं प्रसिद्ध इंजिन घ्या. 2006 ते 2016 अशी दहा वर्षं काम चाललं आणि 42 लाख पौंड लागले. छोट्या इंजिनाला त्यामानाने फार कमी लागतात, पण लागतात हे नक्की.

थंड इंजिन जपण्याचं काम

इथे आग नाही, परीक्षा नाही, पहिल्याच दिवशी हातात ब्रश मिळतो. त्यामुळे हे काम सोपं आहे असं वाटतं. आमची तशीच समजूत होती.

पहिल्या वर्षी आषाढात आम्ही उत्साहाने एका बाजूचा रंग पार लोखंडापर्यंत खरवडला. संध्याकाळ झाली म्हणून प्राइमर दुसऱ्या दिवशी लावू म्हटलं. सकाळी अख्खी बाजू केशरी झाली होती. दमट हवेत उघडं लोखंड एका रात्रीत तांबेरतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी थांबवलं नाही. तेव्हापासून नियम केलाय की त्या दिवशी जेवढ्या भागाला प्राइमर लागेल, तेवढाच खरवडायचा, आणि खरवडणं दिवाळीनंतरच. दुसरी चूक भरून न येणारी. पाण्याच्या टाकीवर आम्ही मशीनचा तारेचा ब्रश फिरवला. खाली कधीकाळचं रंगवलेलं अक्षर होतं, ते डोळ्यांदेखत भुकटी होऊन उडालं. आता आम्ही रंगाचे थर एका चौरस इंचात हाताने, पाणी लावून, एकेक करत उतरवतो, प्रत्येक थराचा फोटो काढतो, आणि मगच पुढे जातो.

इंजिनाचा इतिहास नावाच्या पाटीवर सापडेल असं धरून चालू नका. पितळी पाट्या पहिल्यांदा चोरीला जातात. दांड्यांवर, व्हॉल्व्हच्या भागांवर ठोकलेले आकडे बघा. कारखान्यात आणि शेडमध्ये प्रत्येक भागावर इंजिनाचा नंबर ठोकायची पद्धत होती. डाव्या-उजव्या दांड्यांवर वेगवेगळे नंबर निघाले, तर कधीतरी दुसऱ्या इंजिनाचा भाग बसवलाय, हे कळतं. आमच्या इंजिनावर तीन वेगवेगळे नंबर निघाले. ते सापडत गेले तसे ते रविवार मला वाफेच्या पहाटेइतकेच मोलाचे वाटले.

उघड्यावर उभ्या इंजिनाला पावसाळा आतून खातो. चिमणीतून पाणी स्मोकबॉक्समध्ये जातं, तिथली जुनी राख ओली होते आणि त्या आम्लाने खालचा पत्रा कुजतो. बाहेरून झकपक काळा रंग आणि आत बोट आरपार जाईल असं भोक, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे रंगाच्या आधी राख काढा, चिमणी झाका, टाकीच्या तळाचं पाणी निचरू द्या. रंग सगळ्यात शेवटी. लोकार्पणाची तारीख आधी ठरली की हा क्रम उलटा होतो. म्हणून ज्या गटाकडे तारीख आहे पण छप्पर नाही, तिथे मी वेळ देणार नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू. बॉयलरच्या बाहेरच्या पत्र्याखाली जुन्या इंजिनांत ॲस्बेस्टॉसचा लेप असतो आणि जुन्या रंगात शिसं असतं. तो पत्रा स्वतः उघडू नका. मालकाला सांगून त्या कामाची माणसं बोलवायला लावा. “आम्ही तर हातानेच काढलं होतं, काही होत नाही,” असं कुणी म्हणालं, तर त्या गटात जाऊ नका.

इंजिन कोणतं आहे, त्यावर बरंच अवलंबून

आपल्याकडे ही निवड जास्त विचाराने करायला हवी. 1862 साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अडीच फूट गेजची, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली, लाइन टाकली. रूळ इतके हलके होते की सुरुवातीला गाड्या बैल ओढायचे, इंजिनं नियमित धावू लागली ती बऱ्याच वर्षांनी. गायकवाड बडोदा स्टेट रेल्वेची ही पाळंमुळं, आणि 1949 मध्ये बीबी अँड सीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेमध्ये विलीन होईपर्यंत ती आपल्या संस्थानाची रेल्वे होती. ग्वाल्हेरला शिंद्यांनी दोन फुटी लाइन केली, इंदूरला होळकरांच्या कर्जातून मीटर गेज आली. तीन मराठी दरबार आणि तीन गेज. त्या काळचं जे लोखंड उरलंय ते थोडं आहे, आणि त्यातला प्रत्येक रिव्हेट हा दस्तऐवज आहे. असं एकुलतं एक इंजिन चालवायला काढून त्याची आगीची पेटी कापायला मी तयार होणार नाही.

वाफ बघायची हौस मलाही आहे. तिच्यासाठी वाट वेगळी आहे. नीलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी त्रिची इथल्या गोल्डन रॉक कारखान्याने वाफेची नवी इंजिनं बांधली. म्हणजे घाटात धूर हवा, म्हणून जुनं इंजिन झिजवावंच लागतं असं नाही. एका वर्गाची अनेक इंजिनं उरली असतील, तर एखादं खुशाल वाफेवर काढा. एकटं उरलं असेल, तर थंड ठेवा. फतेसिंह म्युझियमच्या दारातलं छोटं इंजिन बघा. राजवाड्यातल्या मुलांची आमराईभोवती फिरणारी ही गाडी. नीट सारखी करून मांडली आहे, म्हणून बडोद्यातलं लहान मूल आजही तिच्यासमोर थांबतं.

कायद्याचाही विचार करा. कारखान्याच्या बॉयलरला 1923 च्या कायद्याने दरवर्षी तपासणी आणि प्रमाणपत्र लागायचं. रेल्वेच्या स्वतःच्या इंजिनांचे बॉयलर त्यातून वगळलेले, कारण रेल्वेची तपासणी वेगळी. इंजिन रेल्वेचं असेल, तर रेल्वेच्या परवानगीशिवाय नट हलत नाही. खासगी मालकाचं असेल, तर बॉयलर निरीक्षकाच्या कागदाशिवाय काडी ओढायची नाही. आम्ही सहाजणांनी हा हिशोब मांडूनच आमचं इंजिन थंड ठेवायचं ठरवलं.

डिझेलकडे कुणी बघत नाही, आणि तिथेच तरुणांना जागा आहे. चित्तरंजनला बांधलेली झेडडीएम-5 इंजिनं आपल्या नॅरो गेजवर वाफेनंतर आली. त्यांचं वायरिंग, पंप, ट्रान्समिशन समजणारे फिटर अजून कामाच्या वयात आहेत, सुटे भाग मिळू शकतात. मेकॅनिकल झालेल्या पोराला चार-पाच वर्षांत चालतं इंजिन बघायचं असेल, तर हीच वाट सगळ्यात जवळची.

आणि ज्याला जड उचलणं जमत नाही, पाठ धरते, त्याच्यासाठी वही आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग. 1990 साली पंचविशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेलाय. शेडमध्ये कुठल्या पान्याला काय म्हणायचे, कुठल्या चढावर वाळू टाकावी लागायची, हे त्याच्याच तोंडून येतं. आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन वर्षांत अकरा जणांचं बोलणं टिपून घेतलंय. आमच्या रंगकामापेक्षा ते जास्त टिकेल असं मला वाटतं.

भाच्याला मी म्हटलं, तू बावीस वर्षांचा आहेस, खांदे मजबूत आहेत, तर तिकडे जाऊन वाफच शिक. वेल्शपूल अँड लॅनफेअर नावाची रेल्वे आहे, 1963 पासून स्वयंसेवक चालवतात, आणि तिचं गेज आपल्या डभोईसारखंच अडीच फूट आहे. फक्त उन्हाळ्यात जाऊ नकोस. उन्हाळ्यात प्रवासी असतात, शिकवायला कुणाला फुरसत नसते. हिवाळ्यात इंजिनं उघडलेली असतात, बॉयलरमध्ये आतून डोकावता येतं. निघेपर्यंतचे सहा रविवार मात्र आमच्याकडे ये. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, टेरिकॉट नको, आणि चामड्याचे बूट. या रविवारी स्मोकबॉक्सचं दार उघडायचंय. चार वर्षांत ते हललेलं नाही.