डेटिंग अ‍ॅपवर पैसे टाकावेत का? ठाणे-नवी मुंबईचा हिशोब

टिंडरचा बूस्ट (पैसे देऊन आपलं प्रोफाइल इतरांना आधी दाखवणं) चालतो 30 मिनिटं, आणि तोही आसपासच्या लोकांपुरता. मंगळवारी दुपारी ऐरोलीच्या ऑफिसात बसून दाबलात तर पैसे पाण्यात. रविवारी रात्री नऊच्या सुमारास घरून वापरा. त्याआधी अंतराची मर्यादा बघा. अ‍ॅप सरळ रेषेत मोजतं, त्याला खाडी कळत नाही. ऐरोलीहून मुलुंड शेजारीच दिसतं, लोकलने मात्र ठाण्याला गाडी बदलावी लागते.

टिंडरच्या गोल्ड वर्गणीचा खरा उपयोग एकच: आपल्याला लाइक कोणी केलंय ते दिसतं. वर्गणीशिवाय लाइक करणाऱ्यांचे फोटो धूसर दिसतात; ते दोन-तीनच असतील तर घेऊ नका, आधी स्वतःचा पहिला फोटो बदला. (गॉगलवाला तर नकोच.) दहा-पंधरा साचले असतील तर सगळ्यात छोटा प्लॅन घ्या आणि यादी संपवा. हिंज या दुसऱ्या डेटिंग अ‍ॅपवर आठवड्याला एक गुलाब (जास्त उठून दिसणारी खास लाइक) फुकट मिळतो, तेवढा पुरे.

गोची होते ती बंद करताना. अ‍ॅप काढून टाकलं तरी वर्गणी कापली जातच राहते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर टॅप करा आणि ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करा. घेतल्या दिवशीच केलंत तरी चालतं. मुदत संपेपर्यंत सुविधा सुरूच राहते.