अलार्म लावून झोपलेली कात्या

लेकीची बारावीची परीक्षा संपली त्या रात्री आम्ही तिघींनी, म्हणजे मी, लेक आणि माझी आई, टीव्हीला मोबाईल जोडून 'मॉस्को डझ नॉट बिलीव्ह इन टिअर्स' हा रशियन पिक्चर बघितला. मोसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब चॅनलवर फुकट होता, इंग्लिश सबटायटल्स होती. आईला इंग्लिश येत नाही म्हणून लेक बाजूला बसून सांगत होती आणि मधे मधे पॉज करावं लागत होतं, त्यामुळे अडीच तासाचा पिक्चर संपायला साडेबारा वाजले, पण कोणीच उठलं नाही. मी दुसऱ्यांदा बघत होते तरी.

पिक्चर १९८० चा, डायरेक्टर व्लादिमिर मेन्शोव. तिकडे आठ कोटींच्या वर तिकिटं विकली गेली आणि १९८१ ला परदेशी भाषेचा ऑस्करही मिळाला. हे सांगते कारण 'जुना रशियन पिक्चर' म्हटलं की लोकांना वाटतं भाषणं असतील, लाल झेंडे असतील. तसलं काही नाहीये. १९५८ मधे मॉस्कोच्या कामगार हॉस्टेलमधे राहणाऱ्या तीन खेड्यापाड्यातल्या पोरी, कात्या, ल्युद्मिला आणि तोस्या, त्यांची ही गोष्ट. कात्या ॲडमिशनच्या परीक्षेत नापास झालेली, कारखान्यात काम करतेय. तिचे नातेवाईक प्रोफेसर बाहेरगावी जातात म्हणून ती त्यांच्या मोठ्या फ्लॅटमधे राहायला जाते, तर ल्युद्मिला म्हणते आपण प्रोफेसरच्या मुली आहोत असंच सांगू सगळ्यांना, म्हणजे चांगली स्थळं मिळतील. त्या खोटेपणात टीव्हीचा एक कॅमेरामन रुडॉल्फ कात्याच्या आयुष्यात येतो, तिला दिवस जातात आणि ही कारखान्यात काम करते हे कळल्यावर तो हात झटकतो. बागेतल्या बाकावर बसून ती त्याच्याकडे मदत मागते आणि तो उठून निघून जातो. वीस वर्षांनी त्याच बाकावर तो परत येऊन बसतो, तेव्हा त्याला मुलीला भेटायचं असतं. तो बाक बघून माझ्या पोटात गोळा आला.

आणि हे फक्त एका माणसाचं वाईट वागणं नव्हतं. मी नंतर वाचलं तर १९४४ च्या सोव्हिएत कायद्याने लग्न न झालेल्या बाईला मुलाच्या बापावर कोर्टात दावाच करता येत नव्हता, जन्मदाखल्यात बापाच्या नावाच्या जागी नुसती रेघ मारायचे, ते १९६८ ला बदललं. म्हणजे बायकांनी कारखाने चालवावेत, डायरेक्टर व्हावं, सरकारचं सगळं प्रोत्साहन, आणि पोरगं मात्र तुझं तू बघ. आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय, मला फार बरं वाटलं होतं ती बातमी वाचून, पण माझ्या लेकीच्या वेळी शाळेच्या फॉर्मवर बापाची सही हवीच म्हणून मला चार चकरा मारायला लावल्या होत्या ते मी विसरलेली नाही.

आता तो सीन, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. हॉस्टेलच्या खोलीत तान्ही मुलगी झोपलीये, कात्या रात्री अभ्यास करतेय, मग ती अलार्म लावते, पलंगावर पडते आणि रडते. अलार्म वाजतो, बाई उठते, आणि वीस वर्षं गेलेली असतात. घर वेगळं, केस वेगळे, मुलगी अलेक्सांद्रा मोठी झालेली आणि कात्या आता मोठ्या कारखान्याची डायरेक्टर, स्वतःची गाडी चालवणारी. बस एवढंच. मधल्या वीस वर्षांचं एक दृश्यही नाही. पहिल्यांदा मला राग आला होता, की बाई गं तेच तर दाखवायचं होतं. काल मात्र कळलं की सगळं त्या अलार्ममधेच आहे. रडायचं, पण आधी अलार्म लावून. मी अकरा वर्षं अमळनेर जळगाव अप-डाउन करतेय, दालमिलच्या ऑफिसात अकाउंट बघते, सकाळची पॅसेंजर चुकली की दिवस गेला, त्यामुळे मला कोणी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. व्हेरा अलेंतोवाने दोन्ही वयाची कात्या केलीये आणि दुसऱ्या भागात तिच्या चालण्यातच फरक आहे, खांदे बघा फक्त.

मग लोकल ट्रेनमधे गोशा भेटतो. समोर येऊन बसतो, बूट चिखलाने भरलेले, ती त्या बुटांकडे बघते आणि तो म्हणतो की घाणेरडे बूट मलाही अजिबात आवडत नाहीत. तिची नजर बघूनच ओळखतो की हिचं लग्न झालेलं नाही. धरणगाव ते पाळधी एवढ्या वेळात एका अनोळखी माणसाशी असं बोलणं होऊ शकतं, हे पासवाल्या बायकांना पटेल. दुसऱ्या दिवशी तो घरी येऊन सरळ स्वयंपाकाला लागतो. आणि ती पिकनिक, शेकोटीवर मांस भाजतायत, त्याचे शास्त्रज्ञ मित्र सांगतायत की याच्या हातांशिवाय आमचे प्रबंध पूर्ण झाले नसते, कात्या खुर्चीत पांघरूण घेऊन पडलीये आणि कोणी तिला काम सांगत नाहीये. आपल्याकडे थंडीत शेतात भरीत पार्टी असते ना, पुरुष मंडळी वांगी भाजतात आणि बायका निवांत बसतात, अगदी तो मूड. गोशा झालेल्या अलेक्सेई बतालोवला बघून आई म्हणाली मानूस चांगला शे.

लेकीला नाही पटला. तो म्हणतो यापुढे सगळं मीच ठरवणार, का तर मी पुरुष आहे म्हणून, तेव्हा ती उठून बसली. आणि कात्या डायरेक्टर आहे, त्याच्यापेक्षा जास्त कमावते हे कळल्यावर हा बाबा गायब होऊन दारू पीत बसतो, आठ दिवस. मलाही हे खटकतं आणि ते मी लपवणार नाही, जी एकटीने डायरेक्टरपदापर्यंत पोचली तिनेच स्वतःचं पद लपवायचं आणि तिनेच वाट बघायची. पण हे खोटं आहे असंही म्हणता येत नाही. मी दोन वर्षांपूर्वी एका वधू-वर मेळाव्यात गेले होते, परिचय पुस्तिकेत आम्हा घटस्फोटितांची पानं सगळ्यात शेवटी. एकाशी बरं बोलणं चाललं होतं, पगार सांगितला तर त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, मुलगी आजीकडेच राहील ना? पिक्चरमधेही तीस वर्षांवरच्या लोकांचा ओळख करून देणारा क्लब आहे, तिथे कात्या पाहणीला जाते, सरकारी काम म्हणून. तिने स्वतःसाठी जायचं धाडस केलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. पण बाई एवढा मोठा कारखाना सांभाळते म्हणून तिला रात्री कोणी विचारू नये असं नाही, तिलाही कोणी हवं असू शकतं आणि त्यात लाज नाही, हे हा पिक्चर सरळ म्हणतो, तिला शिक्षा न करता. आपल्याकडचे किती पिक्चर असं म्हणतात?

शेवटी तो परत येतो. स्वयंपाकघरात बसून सूप पितो. ती समोर बसून फक्त बघत राहते, डोळे भरलेले, आणि म्हणते, किती दिवस शोधत होते तुला. तो म्हणतो आठ दिवस. ती परत तेच म्हणते. मधे लेक काहीतरी सांगायला गेली तर आईने तिला गप्प केलं, म्हणे जेवू दे त्याले, मंग बोल.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आठ दिवसांचा. एका बैठकीत नाही झाला तरी चालेल, दोन भागांत आहे. सकाळी डबा भरताना आईने विचारलं, "काय नाव शे व त्या बाईनं?" मी सांगितलं, कात्या. तिने दोनदा म्हणून बघितलं.