मृद्संधारणाचे श्रमदान : संस्थेबरोबर की गावाबरोबर?

मराठवाड्यात मृद्संधारणाच्या श्रमदानाला जायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या संस्थेच्या रविवारच्या मोहिमेत सामील होता येते, किंवा एखाद्या गावाने आपल्याच गायरानावर चालवलेल्या कामात हातभार लावता येतो. मी दोन्हीकडे काम केले आहे. पुढील मजकूर बालाघाटच्या टेकड्यांवरील त्या अनुभवावर आधारलेला आहे. इतरत्र चित्र निराळे असू शकेल.

संस्थेची व्यवस्था चोख असते, हे आधी मान्य केले पाहिजे. गाडी वेळेवर निघते, टिकाव, खोरी आणि टोपली पुरेशी असतात, नवख्या माणसाला जाणता जोडीदार मिळतो. ए-फ्रेमने, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराच्या, ओळंबा टांगलेल्या काठ्यांच्या चौकटीने, समपातळी रेषा (उतारावरची एकाच उंचीची रेषा, जिच्यावर पाणी अडवणारे चर खोदतात) कशी आखावी हे मी तिथेच शिकलो : आडव्या काठीवरच्या खुणेशी ओळंब्याची दोरी जुळेपर्यंत पुढचा पाय वर-खाली सरकवायचा आणि जुळली की तिथे फक्की टाकायची. गावात इतक्या शिस्तीने शिकवणारे कोणी भेटेलच असे नाही. शिवाय लगीनसराईत माणसे रोडावतात, आणि चराईबंदीचा वाद नेमका काम चालू असतानाच निघतो.

तरीही संस्थेतील एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. तिथे कामाची जागा सारखी बदलत असे. एका माळावर चर खोदून झाले की पुढची मोहीम दुसऱ्याच तालुक्यात. पावसाळ्यात जुन्या जागेवर जाऊ या, असे सुचवले की वृक्षलागवडीचे वेळापत्रक पुढे केले जाई. वरकरणी ही बाब किरकोळ वाटेल. परंतु चराचा कस लागतो तो मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात. रेषा बिनचूक असेल तर पाणी चरात या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे उभे राहते. ती जराशी कलली असेल तर सगळे पाणी एका कोपऱ्यात लोटते, उताराकडचा भराव तिथेच फुटतो, आणि जी माती अडवायची तीच घळीवाटे ओढ्याला लागते.

गावच्या टेकडीवर असा फुटलेला भराव मी पाहिला आहे. पाऊस उघडताच, कोणी निरोप न धाडता, चार-पाच जण खोरी घेऊन वर गेले. त्यांनी चरात मध्येच मुरमाचा आडवा बांध घालून पाणी विभागले, भराव पुन्हा चोपून घट्ट केला आणि त्यावर मारवेल गवताचे ठोंब लावले. ती जमीन त्यांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणूनच हे घडले असे मला वाटते.

एकाच पाणलोटावर चिकाटीने काम केल्यास काय साधते, हे जालना जिल्ह्यातील कडवंचीने दाखवले आहे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९६ साली तिथे सुरू झालेले काम माथा ते पायथा या क्रमाने झाले आणि आज ते गाव द्राक्षबागा व शेततळ्यांसाठी ओळखले जाते. अर्थात थोड्या दिवसांत पुष्कळ खोदाई करायची असेल तेव्हा बाहेरून येणारे हात मोलाचेच असतात. गावागावांत जलसंधारणाच्या कामांची चुरस लावणाऱ्या वॉटर कप स्पर्धेत, २०१६ च्या पहिल्या वर्षी, अंबाजोगाई तालुक्यातील गावांपुढे अवघ्या ४५ दिवसांची मुदत होती.

ज्यांना महिन्यातून एखादाच रविवार मोकळा मिळतो आणि स्वतःचे वाहन नाही, त्यांनी संस्थेपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. मात्र नाव नोंदवण्यापूर्वी मागील वर्षी खोदलेले चर दाखवण्याची विनंती जरूर करावी, आणि ते पाहायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जावे. ज्यांना चैत्रापासून श्रावणापर्यंत एकाच टेकडीवर येणे-जाणे जमण्यासारखे आहे, त्यांनी जवळचे गाव गाठावे, असेच मी सुचवीन. ए-फ्रेम वापरण्याचा सराव तेवढा आधी करून घ्यावा. गावाला त्याचा खरोखर उपयोग होतो.