पहिल्यांदा स्कीइंग: दुकानातून भाड्याने घ्यायचं की कोर्सला जायचं?

सह्याद्रीत फिरणाऱ्याला बुटाचा एक नियम पाठ असतो. बोटांपुढे थोडी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. गुलमर्गला पहिल्यांदा गेलो तेव्हा भाड्याच्या दुकानात मी हाच नियम लावला. दोन जोड मोजे चढवले आणि ऐसपैस बूट निवडला. समोरच्याने काहीच विचारलं नाही. बर्फावर वळायला गेलो की पाय बुटातल्या बुटात फिरायचा आणि स्की सरळच जायची. दोन दिवस मला वाटत राहिलं की हे आपल्याला जमणारं नाही. पुढच्या वर्षी चौदा दिवसांचा कोर्स केला आणि पहिल्याच सकाळी कळलं, चूक बुटाची होती.

स्कीचा बूट घट्टच हवा. बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच, आत मऊ लायनर, पुढे बकल. माप पावलाच्या लांबीचं, सेंटीमीटरमध्ये. पाऊल २६ सेंटीमीटर असेल तर बूटही २६ चाच. मोजे एकच जोड, तेही पातळच; सुती मात्र नकोत. थर्मलची पँट बुटात अजिबात खोचायची नाही, तिची घडी तासाभरात नडगीला काचते. टाच मागे आपटून नीट बसवायची, मग बकल लावायचे. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटावर रेलली की ती किंचित मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, परत करा. उतारावर मागे रेलायची आपली सवयही इथे उलटी पडते. नडगीने बूट पुढे दाबला तरच स्की ऐकते.

आता हे सगळं तपासायला सवड कुठे मिळते, यावर दोन्ही पर्यायांतला फरक ठरतो.

गुलमर्ग, औली, मनालीजवळचं सोलंग, तिन्हीकडे स्की, बूट आणि पोल्स (हातातल्या काठ्या) दिवसाच्या भाड्याने मिळतात, शिकवणाराही मिळतो. तारखा आपल्या, मुलं-आईवडील सोबत असले तरी अडचण नाही. पण ऐन हंगामात सकाळी दुकानात झुंबड असते आणि आज नेलेला जोड उद्या दुसऱ्याच्या पायात असू शकतो. नवख्याला रोज नव्या बुटाशी जुळवून घेणं फार जड जातं. शिवाय बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, आधीच्या माणसाच्या हिशेबाने लावलेलं असू शकतं. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा यासाठी त्यावर एक आकडा लावतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपला सराव पाहून ठरतो. आकडा जास्त असेल तर स्की सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वजन न विचारता कुणी स्की हातात दिली तर थांबा आणि आपणहून सांगा. आकडा बदलायचा स्क्रू स्वतः फिरवू नका.

कोर्स गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या स्कीइंग संस्थेत होतात, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे होतात, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे. माझ्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी उतारावर कुणी गेलंच नाही. नुसते बूट घालून चालणं. मग एकाच पायात स्की. तळव्याचा बर्फ पोलने खरवडून आधी चवडा अडकवायचा, मग टाच दाबायची, खट्ट आवाज आला पाहिजे. त्यानंतर मुद्दाम पडणं आणि स्की उताराला आडव्या करून उठणं. कंटाळवाणं वाटेल, पण तिसऱ्या दिवशी पायात काही जड आहे हे विसरायला झालं, कारण बूट तोच होता आणि लायनर पायाला ओळखायला लागला होता. अडचणी आहेत: तारखा ठरलेल्या, अर्ज आधीपासून, डॉक्टरांचा दाखला, प्रवास धरून दोन-अडीच आठवड्यांची रजा. सामान देणाऱ्या संस्थेच्या स्टोअरमध्ये लवकर पोचा, मधली मापं आधी संपतात.

माझं मत विचाराल तर रजा मिळत असेल तर कोर्सच. नुसती बर्फाची हौस भागवायची असेल, किंवा सहलीत दोन-तीनच दिवस हातात असतील, तर दुकान चालेल. मात्र आदल्या संध्याकाळी जा, गर्दी नसते. बूट घालून दहा-पंधरा मिनिटं तिथेच उभे राहा, पायाला नीट बसलेला जोड सगळ्या दिवसांसाठी ठरवून घ्या. स्की हनुवटीच्या आसपास येईल एवढीच घ्या, लांब स्की वळवताना दमवते. हेल्मेट मागून घ्याच.

विकत घ्यायचं म्हणाल तर मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे आणि गॉगल एवढंच घरून न्या. बूट विकत घ्यायचा विचार दुसऱ्या हंगामानंतर करा, तोवर आपलं पाऊल कुठे दुखतं हे कळलेलं असेल.