लाकडी पक्ष्यांचं किट, ऊन-पाऊस झेलल्यानंतर: रंग टिकला, स्क्रूने घात केला

पांढऱ्या बगळ्याच्या छातीवर तपकिरी ओघळ आला आहे, पंखाच्या भोकापासून थेट पोटाच्या कडेपर्यंत. रंग शाबूत, प्लायवूड शाबूत, पंखही फिरतायत. तरी इतक्या निगुतीने रंगवलेला पक्षी लांबून मळका दिसतो. कारण एकच, पंख ज्यावर फिरतात तो साधा लोखंडी स्क्रू.

किटमध्ये प्लायवूडचे कापलेले पक्षी (बगळा, मैना, पोपट, चिमणी), रंग आणि स्क्रू येतात; आपणच रंगवून, पंख जोडून ते खांबावर लावायचे, म्हणजे वाऱ्यावर पंख फिरतात. या स्क्रूवर जस्ताचा पातळ मुलामा आहे. एका जागी गच्च बसलेल्या स्क्रूला तो बराच काळ पुरला असता. इथे पंख वाऱ्यावर दिवसरात्र त्याच जागी घासतो, वॉशरखाली पाणी अडकून राहतं, मुलामा झिजतो आणि उघडं पडलेलं लोखंड गंजतं. गंजाचं पाणी खालीच उतरणार, आणि खाली आहे ती पांढरीशुभ्र छाती. मैनेचा स्क्रूही तितकाच गंजलाय, फक्त तपकिरी अंगावर तो चटकन दिसत नाही.

अंगणात रोवायचा प्लास्टिकचा गुलाबी फ्लेमिंगो अनेकांनी पाहिला असेल. अमेरिकेत डॉन फेदरस्टोन यांनी १९५७ साली तो घडवला. त्याचेही पाय धातूच्या सळ्यांचे, पण ते शरीराच्या खाली. गंज चढला तरी ओघळ मातीत जातो. आपल्या किटमध्ये धातू ऐन छातीत बसवलाय, मग तो न गंजणाराच हवा होता.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘हमी रंगाची आणि लाकडाची आहे, जोडणीच्या सामानाची नाही.’ खोक्यावर ठळक अक्षरांत ‘अंगण आणि ओसरीसाठी’ असं छापलंय, ते दाखवल्यावर बदली स्क्रूची पुडी आली. उघडून पाहिली, तर पुन्हा तेच जस्ताचे. नंतर अख्खा नवा बगळा देऊ केला. मला बगळा नको होता, चांगला स्क्रू हवा होता. पूर्ण किटच्या किमतीत चार स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंचा खर्च जाणवलाही नसता, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

शेवटी स्वतःच बदलले. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पुरतं; समुद्राची खारी हवा असेल तर ३१६ घ्या. स्क्रू असा निवडा की पंख जिथे फिरतो तिथे आटे नसून गुळगुळीत दांडी येईल, नाहीतर आटे भोक कुरतडत राहतात. मी भोकात पितळी नळीचा छोटा तुकडा बसवला आणि पंखाच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर घातले. करकर थांबली आणि आता झुळूक आली तरी पंख फिरतात. ओघळ मात्र पुसून गेला नाही. तेवढा भाग घासून, प्रायमर लावून पुन्हा रंगवावा लागला.

रंगाबद्दल माझं मत सुरुवातीला फार वाईट होतं. पोपटाचा हिरवा लवकरच निळसर दिसू लागला आणि चोचीचा लाल गुलाबट झाला, तेव्हा सगळेच रंग जाणार असं मी ओळखीच्यांना सांगत होते. ते आता मागे घेते. हिरव्यातला पिवळा उन्हाने आधी उडाला, लालही कच्चा निघाला, पण त्यापुढे काही बिघडलं नाही. चिमणीचा तपकिरी आणि मैनेच्या पाठीचा गेरूसारखा रंग पहिल्या दिवसाइतकेच दाट आहेत. लोह-ऑक्साइडचे मातकट रंग उन्हाला दाद देत नाहीत आणि बगळ्याचा टायटॅनियमचा पांढराही पक्का असतो. घराच्या दक्षिण बाजूच्या कडक उन्हात पक्षी ठेवणार असाल तर भडक लाल-पिवळे टाळून हेच रंग जास्त वापरा.

लाकडाला मात्र पैकीच्या पैकी. कडेला थरांमध्ये गडद तपकिरी रेघ दिसते, म्हणजे फिनॉलिक डिंक, पाण्याला टिकणारा. एकही थर सुटलेला नाही. तरी पाणी प्लायवूडच्या कडांतूनच शिरतं, म्हणून वॉर्निशचा पहिला हात पातळ करून कडांना मुरू द्या आणि मग वर दोन हात द्या. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचे, पक्षी मिळतात ते घेऊ नका, ओल लागली की फुगतात.

शेपटीचा कापही विचार करून केलाय. खांबाच्या मागे पुढच्यापेक्षा जास्त पृष्ठभाग ठेवल्यामुळे वारा कुठूनही आला तरी पक्षी आपोआप त्याच्याकडे तोंड करतो. इतका नेमका काप घरच्या जिगसॉने (विजेवरच्या छोट्या करवतीने) मला जमला नसता, आणि त्यासाठी वेगळी करवत विकत घेण्यापेक्षा किट स्वस्तच पडतं. म्हणून दुसरं किट घेणार आहे, धनेशाचं. स्क्रू आधीच आणून ठेवलेत. बसवताना पूर्ण आवळून पाव फेरा उलटा सोडायचा, म्हणजे पंख अडत नाही आणि डुगडुगतही नाही.