गोळी, इंजेक्शन की आधी तपासणी? क्रॉनिक फटिग सिंड्रोमच्या रुग्णासाठी जीवनसत्त्वांची तुलना

क्रॉनिक फटिग सिंड्रोम हे नाव सांगितले की ऐकणारा बहुधा त्याचे भाषांतर ‘अशक्तपणा’ असे करतो, आणि अशक्तपणावर ताकदीची गोळी हा सल्ला मग ओघानेच येतो. या आजाराची खूण मात्र वेगळी आहे. शरीराच्या आवाक्याबाहेर श्रम झाले, तर त्याचा बिघाड अनेकदा त्याच दिवशी न दिसता १२ ते ४८ तासांनी उमटतो आणि कित्येक दिवस टिकतो. गणपतीत मखर उभारणारा, पाहुण्यांसाठी विहिरीचे पाणी भरणारा माणूस त्या दिवशी धडधाकट दिसतो आणि दोन दिवसांनी अंथरुणातून उठू शकत नाही. असा बिघाड, झोपेनंतरही न जाणारा शीण, आणि जोडीला विचारांतील धुकटपणा किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास ही लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली, तरच २०१५ च्या अमेरिकी निकषांनुसार हे निदान होते.

मी या आजारासह रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात राहतो. घरापासून डांबरी रस्त्यावर यायला चिऱ्याच्या पाखाडीच्या ऐंशीएक पायऱ्या चढाव्या लागतात. त्यामुळे कोणत्याही उपचाराची किंमत मी रुपयांबरोबर पायऱ्यांतही मोजतो, आणि पुढची तुलनाही त्याच मापाने केली आहे.

ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दोन गोष्टी सांगितल्या आहेत: या आजारावरील उपचार म्हणून जीवनसत्त्वे सरसकट घ्यावीत इतका पुरावा नाही, परंतु घराबाहेर न पडणाऱ्या रुग्णांना ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता होण्याचा धोका असतो. म्हणजे गोळी आजार बरा करीत नाही, ती फक्त उणीव भरून काढते, आणि उणीव आहे की नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणी न करता मल्टीव्हिटामिन सुरू करणे स्वस्त आहे आणि त्यासाठी पाखाडी चढावी लागत नाही, कारण शेजारचा मुलगा बाजारातून डबी आणून देतो. अडचण नंतर कळते. बी-१२ असलेली गोळी महिनाभर घेतल्यावर केलेल्या तपासणीत आकडा फुगलेला येतो आणि मुळात कमतरता होती का, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतील जास्त मात्रेचे बायोटिन (हेही ‘बी’ गटातलेच एक जीवनसत्त्व) थायरॉइडच्या तपासणीचे निकाल चुकवू शकते. उलट एकाच वेळी रक्त देऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, ‘ड’, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृत हे सगळे पाहता येते. पायऱ्या एकदाच चढाव्या लागतात, आणि पुढचे दोन दिवस रिकामे ठेवले म्हणजे भागते. माझा कौल तपासणीला आहे.

बी-१२ विषयी कोकणातील माणसाने थोडे अधिक बारकाईने पाहावे. प्रौढाची रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम, आणि तिसऱ्या या शिंपल्यांत हे जीवनसत्त्व इतके विपुल असते की एका वाटणाच्या कालवणात ती गरज सहज भागते. माळकरी घरात ही सोय नाही. तिथे दूध-दही हाच आधार, आणि नाचणी किंवा कुळीथ कितीही पौष्टिक असले तरी त्यांत बी-१२ नसते. मात्र नियमित मासे खाणाऱ्याचाच आकडा खाली आला, तर दोष ताटात शोधू नये. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षे घेतलेली आम्लपित्ताची गोळी किंवा जठरातील शोषणाचा बिघाड, यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

उणीव ठरली की गोळी की इंजेक्शन हा प्रश्न येतो. गावात इंजेक्शनचा दबदबा मोठा आहे, कारण टोचल्याशिवाय औषध लागले असे अनेकांना वाटतच नाही. पायांना मुंग्या, तोल जाणे अशी मज्जातंतूंची लक्षणे असतील किंवा उणीव तीव्र असेल, तर इंजेक्शनच योग्य आहे आणि त्यात दिरंगाई करू नये. तसे नसेल तर रोज १००० मायक्रोग्रॅमच्या आसपासची गोळी बहुतेकांना पुरते, कारण शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी एवढ्या मात्रेतील सुमारे एक टक्का भाग आपोआप रक्तात उतरतो. एक दिवसाआड इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्र गाठायचे, तर माझ्यासारख्याला त्या खेपांचाच बिघाड भोगावा लागेल. नुसते फॉलिक ॲसिड मात्र घेऊ नये, कारण ते रक्तक्षय झाकते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

‘ड’ जीवनसत्त्वाचा पेच वेगळा आहे. ऊन भरपूर आहे, पण ते दुपारचे लागते आणि तीच वेळ या आजारात सोसत नाही. खिडकीच्या काचेआडून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. बांगडा-तार्लीतून थोडे मिळते, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याच काळात आभाळही झाकलेले असते. म्हणून गोळी किंवा पूड घेणे भाग पडते. आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी स्वस्त असते आणि उणीव लवकर भरून काढते. रोजची १००० ते २००० युनिटची गोळी सावकाश काम करते. पुडी चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होऊ शकतात आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. विचार धूसर असलेल्या रुग्णाच्या हातून अशी चूक होणे अगदी शक्य आहे. पुडी घ्यायचीच असेल तर ती आठवडा बाजाराच्या दिवशी, जेवणानंतर, घरातील दुसऱ्या कोणाच्या हातून घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपताच थांबवावी.

लोहाबद्दल थोडक्यात इतकेच, की फेरिटिन कमी असेल तरच ते घ्यावे. चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावे.

को-एन्झाइम क्यू-१० (पेशींना ऊर्जा तयार करायला मदत करणारा पदार्थ) याची बाटली सर्वांत महाग असते. तिच्या चाचण्या लहान आहेत आणि निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन घेणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. ‘ताकदीच्या सलाईन’नंतर काही तास हुशारी वाटते, हे मी नाकारत नाही. पण ज्यांना उभे राहिल्यावर त्रास होतो, त्यांना तो आराम बहुधा बाटलीतील मिठाच्या पाण्याने मिळतो, त्यात मिसळलेल्या पिवळ्या औषधाने नव्हे. (बी-कॉम्प्लेक्सनंतर लघवी पिवळीधमक झाली की औषध ‘लागू पडले’ असे समजणारेही आहेत. तो रंग बाहेर टाकल्या जाणाऱ्या जास्तीच्या रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा असतो.)

काहीही सुरू केले तरी एका वेळी एकच सुरू करावे आणि तीन महिने रोजच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत एक अंक लिहावा: त्या दिवशी किती वेळ आडवे राहावे लागले. हा आजार आपोआपही वरखाली होतो, त्यामुळे एखाद्या बऱ्या आठवड्याचे श्रेय लगेच गोळीला देता येत नाही. आणि बरे वाटू लागले तरी निदान पहिला महिना पाखाडीच्या पायऱ्या पूर्वीइतक्याच चढाव्यात, नाहीतर चौकटीतला अंक गोळीमुळे बदलला की पायऱ्यांमुळे, हे सांगता येणार नाही.