रनर व्हायचं की आर्काइव्हमध्ये बसायचं?

ब्रिटनमध्ये टीव्हीत ज्यांची माणसं फारशी दिसत नाहीत, अशा घरांतल्या मुलामुलींसाठी पगारी इंटर्नशिप निघतात. २०१०च्या इक्वालिटी अ‍ॅक्टमध्ये त्याला सोय आहे. खेळांच्या डॉक्युमेंटरी करणाऱ्या कंपन्यांत आत शिरायच्या वाटा माझ्या पाहण्यात दोन: रनर, म्हणजे शूटवर पडेल ती वरकामं करणारा, नाहीतर आर्काइव्ह रिसर्च, म्हणजे जुन्या चित्रफिती शोधून त्या वापरायचे हक्क मिळवणं. शिकायला आलेली आपली मुलं दोन्हीकडे अर्ज करतात आणि नेमकं कुठलं घ्यावं म्हणून विचारतात. मी थोडे दिवस रनर होतो, मग आर्काइव्हची इंटर्नशिप घेतली आणि अजून त्याच कामात आहे. त्यामुळे माझं मत निःपक्ष नाही, हे धरूनच पुढचं वाचा. पगार, मुदत, व्हिसा हे सगळं जाहिरातीत असतं, त्यात शिरत नाही.

आधी रनरच्या बाजूने. ओळखी व्हायच्या तर तिथेच होतात. सकाळी ज्याला चहा नेऊन दिला तो दुपारी कॅमेऱ्यामागे उभा असतो, आणि पुढच्या शूटला माणूस हवा असला की त्याला तुमचंच नाव आठवतं. या धंद्यात निम्मी कामं जाहिरातीविनाच जातात असं मला वाटतं. खेळाडूची मुलाखत चालू असताना त्याच खोलीत असणं, दिग्दर्शक कुठे गप्प बसतो ते बघणं, हे आर्काइव्हच्या टेबलावरून मिळत नाही. ज्याला पुढे दिग्दर्शनच करायचं आहे त्याने माझं फार मनावर घेऊ नये.

माझं गाडं अडलं ते लायसन्सपाशी. जाहिरातीत वर मोठ्या अक्षरांत 'अनुभव नसला तरी चालेल', आणि खाली शेवटच्या ओळीत 'ड्रायव्हिंग लायसन्स असल्यास प्राधान्य'. प्राधान्य म्हणजे काय, ते कामावर गेल्यावर कळतं. कॉलशीट, म्हणजे कोणी कुठे किती वाजता पोचायचं त्याचा कागद, आदल्या संध्याकाळी येते. फुटबॉलवाल्यांची सरावाची मैदानं शहराबाहेर: आर्सेनलचं लंडन कोल्नीला, चेल्सीचं कोबमला. सहाचा कॉल असला की पहिल्या ट्रेनने पोचणं अवघड, रविवारी तर ट्रेनच उशिरा सुरू होतात. टॅक्सीचे पैसे मिळतील का, असं मी एका ठिकाणी विचारलं तर प्रॉडक्शन मॅनेजर सहज म्हणाली, "बाकीचे येतात की गाडीने." बाकीच्यांची गाडी आईवडिलांची होती आणि मुक्कामही त्यांच्याच घरी.

आपल्याकडचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं. ते बदलून मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते, आणि प्रॅक्टिकलची तारीख मिळेपर्यंत इंटर्नशिप अर्धी उरकलेली असते. त्यातून पास झालात तरी भाड्याच्या व्हॅनचा विमा कमी वयाच्या चालकाला बहुतेक परवडत नाही. मग व्हॅन दुसरा चालवतो, तुम्ही ऑफिसात बॅटऱ्या चार्जिंगला लावत बसता. तोंडावर कोणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या शूटच्या यादीत तुमचं नाव नसतं. सगळ्या कंपन्या अशाच असतात असं नाही, पण माझ्या वाट्याला हे दोन ठिकाणी आलं आणि तिथेच माझा निर्णय झाला.

आर्काइव्हला गाडी लागत नाही. लागते ती बैठक, आणि एक एक्सेल शीट. एका ओळीत एक क्लिप: कुठल्या लायब्ररीची, क्लिप नंबर, टाइमकोड (फितीतली नेमकी वेळ) कुठून कुठपर्यंत, कटमध्ये, म्हणजे जुळवलेल्या फिल्ममध्ये, किती सेकंद वापरली, हक्क कुठल्या देशांसाठी, किती वर्षांसाठी, दर काय. एडिटरने परवानगी पक्की झालेला सहा सेकंदांचा शॉट हळूच अकरा सेकंदांचा केला की ते पकडायचं काम तुमचं, कारण बिल सेकंदांवर येतं. खेळात वर आणखी एक गाठ असते. चित्रफीत एकाच्या कपाटात असते आणि स्पर्धेचे हक्क दुसऱ्याकडे. १९४८ च्या वेंब्लीतल्या हॉकी फायनलचे, म्हणजे आपण ब्रिटनला ४-० ने हरवलं त्याचे शॉट सापडले म्हणून वापरता येत नाहीत. ऑलिम्पिक म्हटलं की आयओसीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं, दार वाजवावंच लागतं. हे व्यवहार इंटर्नच्या कानावर पहिल्या आठवड्यापासून पडतात. रनरला ते कळायला वर्षं जातात, असा माझा अंदाज.

दुसरं म्हणजे, आपण कुठून आलो याचा इथे कामाला उपयोग होतो. समजा, फिल्मच्या जुन्या डब्यावर एवढंच लिहिलंय: 'ओव्हल, भारतीय प्रेक्षक, हत्ती'. तारीख नाही. १९७१ च्या ओव्हल कसोटीत चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, कारण २४ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. सामन्याचा शेवटचा दिवसही तोच. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं होतं आणि त्या दिवशी वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. म्हणजे हत्ती दिसला की दिवस ठरला. घरात गणपती बसवणाऱ्याला हे एका झटक्यात सुचेल, टेबलावरच्या इतरांना कदाचित नाही.

काय मिळणार नाही हे ठामपणे सांगणंही याच कामात येतं. टनब्रिज वेल्सला १८ जून १९८३ ला कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावांचं टीव्ही रेकॉर्डिंग नाही. दिग्दर्शक तरी दर वेळी म्हणतो, कुठेतरी असेलच. मग फोटो, स्कोअरबुक आणि तिथे हजर असलेली माणसं, यांच्यावर तो प्रसंग कसा उभा करायचा ते तुम्ही सुचवायचं. मला स्वतःला यात शूटपेक्षा जास्त मजा येते, पण हा स्वभावाचा भाग झाला.

आर्काइव्हची वाईट बाजूही आहे. एकटेपणा फार. दिवसभर वॉटरमार्क पडलेल्या धूसर क्लिप बघून डोळे चुरचुरतात. इंटर्नशिप संपली की पुढची कामं फ्रीलान्स, आणि दोन कामांमधल्या महिन्यांत घरभाड्याची काळजी. यातलं शेवटचं रनरलाही चुकलेलं नाही म्हणा.

फॉर्मबद्दल थोडं. दोन्हीकडे बहुधा विचारतात की तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातली मुख्य कमावती व्यक्ती काय काम करायची. आपली मुलं इथे उगाच बुजतात, नाहीतर वडिलांचा हुद्दा फुगवून लिहितात. एस.टी.त कंडक्टर असतील तर तेच लिहा. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे सरकारी शाळा, तसंच सांगा. ही जागा ज्यांच्यासाठी काढली आहे त्यांतलेच तुम्ही आहात.

ब्रिटिश लायसन्स खिशात असेल, लंडनमध्ये मामा-काकांचं घर असेल आणि गर्दीत बरं वाटत असेल, तर रनर घ्या, वाईट काही नाही. बाकीच्यांनी आर्काइव्हचा अर्ज आधी भरावा असं मी सुचवेन. त्याआधी घरबसल्या एक करून बघा: ब्रिटिश पाथे या कंपनीच्या जुन्या न्यूजरील्स, म्हणजे सिनेमागृहांत दाखवायचे बातमीपट, २०१४ पासून यूट्यूबवर आहेत. त्यांत आपल्या आवडीचा एखादा सामना शोधा आणि तो खरंच त्याच दिवसाचा आहे का, हे वर्तमानपत्रावरून ताडून बघा. दोन तासांत कंटाळलात तर उत्तर मिळालंच. मुलाखतीला गेलात की दोन गोष्टी विचारून घ्या: हक्कांच्या बोलणीत इंटर्नला बसू देतात का, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत नाव येतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर मागा.